माहीत असलेली तार

३ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा." कानाचा तोल बिघडलाय असं सांगून डॉक्टरांनी माझं विमान चालवणं बंद केल्यापासून मी घरात इतक्या चकरा मारतो की काल तिने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची आडवी लावून ठेवली होती. मी ती ओलांडून गेलो, तेव्हा तिने हात जोडले.

तर लिहू. आमचं एक विमान आहे. पिवळं, एका माणसाचं, पिकांवर औषध फवारायचं. माझी उमेदीची वर्षं त्यात गेली. या हंगामापासून ते धाकटी उडवणार आहे. थोरली बँकेत आहे, म्हणजे सुखरूप आहे, तिची फक्त पाठ दुखते. धाकटीने मागचा हंगाम दुसऱ्या एका मालकाकडे काढला, पण तिथली शेतं म्हणजे नुसती सपाट चटई. ना खांब, ना तार. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर पंप आणि प्रत्येक पंपाला वीज. पिकाच्या शेंड्यांवरून, माणसाच्या डोक्याला लागेल न लागेल एवढ्या उंचीवर विमान न्यायचं असतं आणि त्याच उंचीवर कुणीतरी तार ताणून ठेवलेली असते.

उद्या तिचा पहिला दिवस. मी खाली बांधावर, हातात रेडिओ. तो आत्तापासूनच दोनदा तपासून झालाय. बायको विचारते, तिला भीती वाटते की तुम्हाला? मी म्हटलं, मला कसली भीती. आणि परत खुर्ची ओलांडली.

४ फेब्रुवारी

पहिला दिवस पार पडला. गव्हावर तांबेरा आलाय, म्हणून कामं भरपूर आहेत.

धाकटीचा हात चांगला आहे. वळण जरा घाईत घेते, पण ते मीही घ्यायचो. मात्र तिला एक गोष्ट अजून रक्तात भिनवून घ्यायची आहे आणि ती मी भिनवणार आहे. लोकांना वाटतं, न दिसलेली तार जीव घेते. साफ चूक. जीव घेते ती माहीत असलेली तार. सकाळी तुम्ही तिला बघता, नमस्कार करता, तिच्या शेजारून वीस वेळा जाता. मग शेवटी शेताच्या कडा राहिलेल्या असतात, म्हणून आडवा एक फेरा मारायचा. त्याला आम्ही सफाईचा फेरा म्हणतो. काम संपत आलेलं असतं, डोक्यात घर आणि जेवण असतं आणि आत्तापर्यंत जी शेजारी होती तीच तार आता समोर असते. माझे दोन दोस्त असे गेले. दोघांनाही ती तार तोंडपाठ होती.

म्हणून मी ठरवलंय की विसरायची वेळच येऊ द्यायची नाही. धाकटी तारेकडे निघाली की मी रेडिओवर म्हणतो, "तार." बस, एवढंच. आज किती वेळा म्हणालो कोण जाणे, घसा बसलाय.

उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, रेडिओ फार खरखरतोय. नीट कळत नाही काही." मिस्तरी शेजारीच उभा होता. मिस्तरी म्हणजे आमच्या इंजिनाचा वैद्य, लग्नाच्या बायकोपेक्षा जास्त दिवस तो माझ्याबरोबर राहिलाय. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

६ फेब्रुवारी

रेडिओ मिस्तरीकडे दिला होता. तो म्हणाला, सेटमध्ये दोष नाही. मी विचारलं, मग कशात आहे? त्याने पाना उचलला आणि इंजिनाखाली गेला.

दुपारी शहरात जाऊन नवाच सेट आणला. दुकानदाराला सांगितलं, आवाज असा पाहिजे की बहिऱ्यालाही ऐकू जाईल. धाकटीला दाखवला तर म्हणाली, "छान आहे, बाबा." तोंडावरून तरी काही छान दिसत नव्हतं. हल्लीच्या मुलांना वस्तूची किंमत नाही.

१० फेब्रुवारी

आज आमचं वाजलं.

सफाईचा फेरा मारता मारता ती अर्ध्यातून वर उठली, फेरा सोडून दिला, सरळ येऊन उतरली. टाकीत औषध शिल्लक. माझ्याजवळ आली, हेल्मेट काखेत आणि घामाने केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, मी बघत असते तेव्हा बोलू नका. तुमचा आवाज आला की नजर जाते रेडिओकडे. मला खांब दिसतो, मी मनात तार धरते आणि नेमके तुम्ही ओरडता.

मी म्हटलं, मी ओरडत नाही, सांगतो. आणि माझे दोन दोस्त गेले ते कसे, ते परत सांगितलं. ती म्हणाली, मला पाठ आहे. मी म्हटलं, त्यांनाही पाठच होती.

ती हेल्मेट घेऊन गाडीकडे निघून गेली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

रात्री जेवणं लवकर उरकली. ताटं उचलताना बायको म्हणाली, स्वतः बांधावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तिला काय माहीत बांधावर काय असतं. वर असताना मला कधी भीती वाटली नाही, हात कामात असायचे. खाली हात रिकामे आणि जीव वर. त्या रिकाम्या हातात तो एवढासा रेडिओ नसेल तर माणसाने करायचं काय?

११ फेब्रुवारी

वारा. उड्डाण नाही. उद्याच्या शेताभोवती दोनदा फिरून आलो. सगळे खांब मोजले, खांबाला जमिनीशी ताणून धरणाऱ्या तिरप्या ताराही. बायको म्हणते, पायाला भिंगरी आहे का? आहे.

१५ फेब्रुवारी

देव पावला म्हणायचा. धाकटी सुधारली.

परवापासून वाद नाही, कपाळाला आठ्या नाहीत. मी "तार" म्हणतो, ती "हो" म्हणते आणि विमान उचलते. घड्याळाच्या काट्यासारखं. आज तर मी म्हणण्याची आणि तिने उचलण्याची वेळ इतकी जुळली की मिस्तरीलाही मी म्हटलं, बघ, असं जमायला वर्षं लागतात. तो हूं म्हणाला. त्याचं हूं कधीच कळत नाही.

अजून एक. आधी ती पिकावर उतरायच्या अगोदर उंचावरून शेताभोवती एक फेरी मारायची, खांब शोधत. त्यात वेळ जातो, इंधन जातं. आता मी सकाळीच तिला जमिनीवर सगळं सांगतो. कुठे काय आहे, कुठून आत शिरायचं, कुठून बाहेर पडायचं. त्यामुळे फेरीची गरज उरली नाही. तिने आपण होऊनच बंद केली. शहाणी आहे.

१९ फेब्रुवारी

आज परत येताना गाडी ती चालवत होती. मोठ्या रस्त्याला लागायचं तिथे ती थांबली. मी आपला औषधाच्या डब्यावरची सूचना वाचत होतो. बराच वेळ गाडी हलेना, म्हणून मान वर केली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा आणि ही स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली. मी म्हटलं, "चल की, मोकळं आहे." तेव्हा निघाली.

घरी बायकोला कौतुकाने सांगितलं की पोरगी आता विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बायको कणीक मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "ही तीच ना, जी चार वर्षांची असताना तुमचं बोट सोडून पळायची?" मी म्हटलं, तीच. बाईमाणसाला मुलं सुधारलेलीसुद्धा सोसत नाहीत.

२३ फेब्रुवारी

ती ठीक आहे. ती ठीक आहे. बाकी उद्या.

२४ फेब्रुवारी

काल मोठ्या मळ्याचं काम होतं. मालक स्वतः आले होते, छत्री घेऊन. शेताच्या मधून पंपाकडे जाणारी एक तार, उत्तर-दक्षिण. धाकटी सकाळभर तिच्या बाजूने जात येत होती. सगळं मनासारखं चाललं होतं. शेवटी दोन्ही टोकांच्या कडा राहिल्या.

मालकांनी विचारलं, मुलगी आहे ना तुमची? भीती नाही वाटत? आता एखाद्याने असं विचारल्यावर बाप गप्प कसा राहील. मी सांगू लागलो. ती पहिल्यांदा एकटी उडाली तो दिवस, तिचे शिक्षक काय म्हणाले ते. म्हटलं, तिच्यासारखी नजर या धंद्यात कुणाची नाही, माझीसुद्धा नव्हती. रेडिओ हातातच होता. हात हवेत, विमान कसं वळतं ते मी मालकांना दाखवत होतो.

आवाज आला. तुटलेल्या तारेचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. चाबकासारखा, पण लांबच लांब. वळून पाहिलं तर विमान एका बाजूला कललेलं, चाकांमागे तार लोंबत होती आणि मळ्यातला पंप बंद पडला होता. मी रेडिओत काय बोललो आठवत नाही. काही बोललोच नसेन. ते सरळ झालं. तसंच, तार ओढत, मळ्याशेजारच्या धावपट्टीवर जाऊन टेकलं, एका बाजूला घसरलं आणि थांबलं.

मी धावलो. या वयात, या कानाने. दोनदा पडलो. पोचेपर्यंत मिस्तरीने दार उघडलं होतं. समोरच्या काचेला वरून खालपर्यंत तडा होता. काचेपुढे तारेसाठीच बसवलेल्या धारदार पातीने तार कापली म्हणून बरं, नाहीतर तार आत आली असती. धाकटी आत बसून होती, पट्टा न सोडता. डोळे उघडे, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी तिचा हात धरला. बर्फ झाला होता.

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला नाहीत."

एवढंच. मग मिस्तरीने तिला बाहेर काढलं.

बरोबर आहे तिचं. चूक माझी. कामाच्या वेळी गप्पा मारायला नको होत्या. रात्रभर विचार करून मी उपाय काढलाय. यापुढे बांधावर माझ्याजवळ कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, मालक असो की मालकाचा बाप. शिवाय मिस्तरीच्या हातातही एक रेडिओ द्यायचा. मी चुकलो तर तो म्हणेल. दोन आवाज असले की असं पुन्हा होणार नाही.

२५ फेब्रुवारी

उपाय सांगितला. मिस्तरी म्हणाला, मी नाही घेणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, पोरीला विचारा.

पोरीला काय विचारू, ती खोलीचं दार लावून बसलीय. जेवायला येते, मीठ द्या म्हणते, जाते. बायको माझ्याशी बोलते, पण भांड्यांच्या आवाजात.

२७ फेब्रुवारी

आज मीच तिच्या खोलीत गेलो. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मी उभाच राहिलो. म्हटलं, माझी चूक झाली, मी बोलायला हवं होतं, परत होणार नाही.

ती म्हणाली, "बाबा, तार मला दिसत होती."

मला समजेना. म्हटलं, दिसत होती तर उचललं का नाहीस?

"वाट बघत होते. तार समोर होती, मोठी होत होती आणि मी तुमच्या आवाजाची वाट बघत होते. तुम्ही बोलला नाहीत, म्हणजे अजून वेळ आहे असं वाटलं." मग म्हणाली, "मी उडवत नव्हतेच. तुम्हीच उडवत होता, खालून."

मी खाली बसलो. तिच्या खोलीत बसायला खुर्ची नाही, फरशीवरच बसलो.   ती रडत होती असं मला वाटलं, पण रडत नव्हती, मीच रडत होतो. तिने उशीचा अभ्रा काढून दिला नाक पुसायला.

तिला वाचवायला म्हणून तिच्या कानात बसलो आणि तिचे डोळे काढून घेतले. 

४ मार्च

काच आली. चाकाचा पाय मिस्तरीने सरळ केला. तपासणारे साहेब येऊन विमान बघून, शिक्का मारून गेले.

जेवताना मी जाहीर केलं की मी आता बांधावर येणार नाही, घरीच बसेन. बायको म्हणाली, नको. फार घाईने म्हणाली. धाकटी हसली, पुष्कळ दिवसांनी.

मग धाकटीने तिची अट सांगितली. पिकावर उतरायच्या आधी ती वरून फेऱ्या मारणार, दिसेल ती प्रत्येक तार रेडिओवर बोलून दाखवणार. मी फक्त ऐकायचं. तिचं पूर्ण झालं की ती मला विचारेल, काही राहिलं का? राहिलं असेल तर तेव्हा सांगायचं. आधी नाही आणि ती खाली गेल्यावर तर नाहीच. जमेल का, विचारलं तिने.

मी म्हटलं, जमेल. बायको म्हणाली, घोडामैदान जवळच आहे.

८ मार्च

उद्या उड्डाण. आज शेत बघायला गेलो नाही, जायचं नाही असं ठरलंय. हे शेत मला तळहातासारखं माहीत आहे, गेल्या महिन्यात भोवती फिरलोही होतो. तरी सकाळपासून चपला घालतोय आणि काढतोय.

९ मार्च

सकाळी धाकटी विमानात चढत होती तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं की पूर्वेकडून आत शीर, तिकडे झाडांच्या रांगेपर्यंत सगळं मोकळं आहे. मी इतकी वर्षं तिथूनच शिरायचो. ओठ दाताखाली धरले. मिस्तरीने ते बघितलं आणि मला पाण्याची बाटली दिली, तोंड गुंतावं म्हणून.

ती वर गेली. मी बांधावर एकटा, रेडिओ हातात, अंगठा बटणापासून लांब. मोठमोठी वर्तुळं घेत ती बोलू लागली. आवाज सपाट, घाई नाही. उत्तरेला मोठी लाइन, तीन तारा. पश्चिमेच्या कोपऱ्यात टेलिफोनचा खांब, त्याला तिरपी ताणाची तार. विहिरीपासून पंपाच्या खोलीपर्यंत एक तार, मध्ये झोळ. मी मनात एकेक खूण करत होतो. बरोबर. बरोबर. हेही बरोबर.

एक राहिली. दक्षिणेला, रस्त्यालगत, झाडीत बुडालेली. पहिली फेरी संपली, तरी तिने ती म्हटली नाही.  आता ती विचारेल, मग मी सांगेन. पण तिने विचारलं नाही. दुसरी फेरी सुरू केली. मी रेडिओ गवतात ठेवला आणि दोन्ही हात काखेत दाबून उभा राहिलो. 

"दक्षिणेला रस्त्याच्या कडेने एक," ती म्हणाली. "झाडात आहे. आधी दिसली नव्हती."

मी खाली बसलो. जीव भांड्यात पडला. मोजणी पूर्ण झाली होती. रेडिओ उचलला आणि तिच्या प्रश्नाची वाट बघू लागलो.

ती तिसऱ्यांदा फिरली. मला कळेना आता काय शोधते आहे. सगळ्या झाल्या होत्या, मला माहीत होतं.

"पूर्वेला," ती म्हणाली, "झाडांच्या रांगेतून एक खांब वर आलाय. नवा दिसतोय. तिथून शेताच्या मधे एक बारीक तार येते, नव्या बोअरवर. खाली आहे बरीच."

मी पूर्वेकडे पाहिलं. काही नव्हतं. डोळ्यांवर हात धरला, चार पावलं पुढे गेलो. झाडं, आभाळ, गहू. मग ऊन हललं आणि झाडांमध्ये ताजं सिमेंट दिसलं. खांब दिसल्यावर त्याच्यापासून नजर सरकवत आणली तेव्हा कुठे तार दिसली. अगदी पिकाला लागून, मी इतकी वर्षं ज्या वाटेने शिरायचो त्याच वाटेवर आडवी. सकाळी ओठ दाताखाली धरले नसते, तर मीच तिला तिच्यात पाठवलं असतं.

रेडिओ खरखरला.

"बाबा, काही राहिलं का?"

मी पुन्हा एकदा त्या बारीक तारेकडे पाहिलं. ती वर फिरत राहिली, माझ्यासाठी थांबून.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही राहिलं."

"हो," ती म्हणाली आणि पश्चिमेकडून पिकावर उतरली.